ऑगस्टचा सराव कसा वाचायचा: कॉलेज फुटबॉलच्या बातमीदारीत नव्याने येणाऱ्यांसाठी

ऑगस्टमधल्या सरावावरून अमेरिकन कॉलेज फुटबॉलची टीम बरीचशी ओळखता येते, पण बहुतेक जण चुकीच्या कोपऱ्यात बघत उभे असतात. सगळ्यांची नजर क्वार्टरबॅकवर. त्याच्या अंगात वेगळ्या रंगाची जर्सी असते, कारण त्याला धक्का लावायला मनाई असते. तो लांब चेंडू फेकतो, रिसीव्हर उडी मारून झेलतो, कडेला उभे असलेले मोबाइल बाहेर काढतात, आणि संध्याकाळपर्यंत ‘यंदाचा पासिंग अटॅक जबरदस्त’ अशी बातमी तयार होते. त्याच वेळी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पाच लाइनमन एकमेकांशी बोलायला शिकत असतात आणि तिथे एकही बातमीदार नसतो.

तुम्ही अमेरिकेत मास्टर्सला आला असाल आणि कॅम्पसच्या विद्यार्थी वृत्तपत्रात किंवा टीमच्या व्हिडिओ आणि डेटा विभागात शिरायची धडपड करत असाल, तर हे तुमच्यासाठी आहे. डाउन, डिस्टन्स, स्नॅप, प्रत्येक जागेचं काम हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून लिहिते. मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पेठांच्या, पायाने खेळायच्या फुटबॉलच्या मॅचेस बघत वाढले, पण हा अमेरिकन फुटबॉल इथे येईपर्यंत मला शून्य येत होता. त्यामुळे ‘आपण तर कधी खेळलोच नाही’ ही धाकधूक मला पूर्ण ठाऊक आहे. ती जाते. वेळ लागतो, पण जाते.

आधी शिबिराचा, म्हणजे सीझनपूर्व सरावाच्या आठवड्यांचा, आराखडा डोक्यात पक्का करा, कारण काय दिसणार हे नियमच ठरवतात. २०२१ मध्ये एनसीएएने (कॉलेज खेळांची नियामक संस्था) सीझनपूर्व सरावाचे नियम कडक केले. उन्हाची आणि श्रमांची सवय व्हावी म्हणून पहिले ७ दिवस बेताबेताने जातात. सुरुवातीला फक्त हेल्मेट, मग खांद्याचे पॅड, पूर्ण पॅड त्यानंतर. खरंखुरं टॅकल करण्याचे सराव संपूर्ण शिबिरात जास्तीत जास्त ९, सलग दोन दिवसांपेक्षा जास्त नाहीत, आणि एका सरावात पूर्ण धडकेची वेळ ७५ मिनिटांपेक्षा जास्त नाही. दोन खेळाडूंना समोरासमोर उभं करून थेट एकमेकांवर सोडायचे जुने ड्रिल बंदच झाले. याचा अर्थ सरळ आहे: पहिल्या आठवड्यात लाइनबद्दल, रनिंग बॅकच्या ताकदीबद्दल किंवा लाइनबॅकरच्या टॅकलिंगबद्दल कोणी ठाम काही लिहीत असेल, तर ते हवेतून काढलेलं आहे. तुम्ही तसं लिहू नका. संपादक मागे लागला तरी नाही.

आता मुख्य गोष्ट. ही मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण या सापळ्यातून मी स्वतः अजून पूर्ण सुटलेले नाही.

प्रत्येक ड्रिल कोणाच्या तरी बाजूने झुकलेलं असतं. कोणाच्या, हे कळल्याशिवाय निकाल लिहायचा नाही.

वन-ऑन-वन घ्या. रिसीव्हर विरुद्ध कॉर्नरबॅक. इथे पास-रश (क्वार्टरबॅकवर धावून जाणं) नाही, त्यामुळे क्वार्टरबॅकला घाई नाही. मागे सेफ्टी नाही, त्यामुळे कॉर्नरला मदत नाही. रिसीव्हरला आपला रूट (पळायचा ठरलेला मार्ग) माहीत आहे आणि सगळं गवत त्याच्या एकट्यासाठी मोकळं आहे. हे ड्रिल रिसीव्हरच्या बाजूने झुकलेलं आहे. इथे कॉर्नर हरला तर ती बातमी नाही. तो अंगाला चिकटून राहिला, घाबरून जर्सी ओढली नाही, चेंडू येताना मान वळवून बघितलं, तर ती बातमी.

आता त्याच नावाचं दुसरं ड्रिल: ऑफेन्सिव्ह लाइन विरुद्ध डिफेन्सिव्ह लाइन, वन-ऑन-वन पास-रश. इथे तराजू उलटा. मॅचमध्ये गार्डच्या एका बाजूला सेंटर असतो, दुसऱ्या बाजूला टॅकल. इथे तो एकटा उभा आहे. समोरच्याला माहीत आहे की पासच आहे, रन नाहीच. डावीउजवीकडे मोकळी जागा आहे, हवं तिकडून फिरून जा. म्हणजे हे ड्रिल डिफेन्सच्या बाजूने झुकलेलं आहे. डिफेन्सिव्ह एंडने इथे लागोपाठ चार वेळा टॅकलला हरवलं म्हणून ‘लाइन कच्ची’ लिहिलं, तर टॅकलवर अन्याय होतो आणि वाचकाची फसवणूक होते.

नाव एकच, मैदान एकच, बहुतेक वेळा दोन्ही एकाच सुमाराला चालू असतात, आणि त्यांचे निकाल उलट्या दिशेने वाकलेले. नवा माणूस दोन्हींकडे पाहून लिहितो की रिसीव्हर भारी, कॉर्नर कमकुवत, डिफेन्सिव्ह लाइन भारी, ऑफेन्सिव्ह लाइन कमकुवत. चारही निष्कर्ष ड्रिलने आधीच लिहून ठेवलेले होते! खेळाडूंनी काही केलं नसतं तरी साधारण हेच दिसलं असतं.

सेव्हन-ऑन-सेव्हनही (सात विरुद्ध सात, फक्त पासचा सराव) तसंच. त्यात लाइन नाही, त्यामुळे क्वार्टरबॅक आरामात चार सेकंद वाट बघू शकतो. मॅचमध्ये चेंडू सहसा अडीच-तीन सेकंदांत हातातून सुटावा लागतो. त्यामुळे तुमच्या हातात स्टॉपवॉच हवं. तीन सेकंदांनंतर पूर्ण झालेला पास माझ्या वहीत वेगळ्या खुणेने जातो. इनसाइड रनमध्ये (मधून धावण्याच्या ड्रिलमध्ये) पास येणारच नाही हे डिफेन्सला माहीत असतं, त्यामुळे सगळे पुढे चाल करून येतात आणि तीन यार्डांची धावसुद्धा चांगली ठरते. नेटमध्ये मारलेला स्ट्रेट ड्राइव्ह चौकार गेला असता की मिडऑफच्या हातात, हे नेट सांगत नाही, तेच इथे.

आणि अकरा विरुद्ध अकरा सुरू झालं तरी सापळा संपत नाही. दोन्ही बाजू आपल्याच आहेत. टचडाउन झालं म्हणजे ऑफेन्स चांगला की डिफेन्स वाईट? इंटरसेप्शन झालं म्हणजे आनंद की काळजी? यावर मला एकच उपाय सापडला आहे. वहीत आधी समोरच्या खेळाडूचा नंबर लिहायचा, मग निकाल. ‘लेफ्ट टॅकल हरला’ ही निरुपयोगी नोंद आहे. ‘पहिल्या फळीच्या एंडसमोर, अकरा-अकरात, तिसऱ्या डाउनला हरला’ ही नोंद. ‘तिसऱ्या फळीच्या एंडसमोर हरला’ ही धोक्याची घंटा. नंबर लिहिताना जर्सीचा रंगही लिहा. कॉलेजमध्ये एकच नंबर दोघांना देता येतो, फक्त दोघे एकाच वेळी मैदानात नसावेत. सहसा एक ऑफेन्सचा आणि एक डिफेन्सचा असतो, आणि सरावात हे दोघे एकमेकांसमोर उभे असतात. २०२५ पासून बहुतेक मोठ्या टीमना १०५ खेळाडूंची मर्यादा आहे आणि नंबर आहेत ० ते ९९. हिशोब तुम्हीच करा.

गटवार बघताना माझा क्रम ठरलेला आहे: ऑफेन्सिव्ह लाइन आधी, क्वार्टरबॅक सगळ्यात शेवटी. लाइन उभी राहिली नाही तर क्वार्टरबॅकबद्दलचं प्रत्येक मत खोटं ठरतं.

लाइनमध्ये एकेकट्याकडे बघू नका, पाच जणांकडे एकत्र बघा. कोणते पाच सर्वांत जास्त वेळ एकत्र उभे राहतात? सहावा कोण, जो गार्डलाही जातो आणि टॅकललाही? सेंटरचा शॉटगन स्नॅप (काही यार्ड मागे उभ्या क्वार्टरबॅककडे फेकलेला) छातीवर येतो की गुडघ्यावर? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्टंट. डिफेन्सचे दोघे धावता धावता जागा बदलतात, तेव्हा गार्ड आणि टॅकल आपापला माणूस एकमेकांकडे सोपवतात की दोघे एकाच्याच मागे जातात? शिबिराच्या सुरुवातीला बहुतेक लाइन इथे फुटते. तिसऱ्या आठवड्यातही फुटत असेल तर लिहा, खुशाल लिहा. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन नोंद) सुरू झाल्यापासून वेगवेगळ्या कॉलेजांतून आलेले खेळाडू एका लाइनमध्ये उभे असतात. ताकद बाहेरून आणता येते, एकमेकांची सवय आणता येत नाही. ती ऑगस्टमध्येच व्हावी लागते, म्हणून मी तिथे उभी राहते.

इथेच एक गंभीर गोष्ट. उन्हात वाकून उभ्या असलेल्या लाइनमनला ‘आळशी’ किंवा ‘फिटनेस कमी’ असं कधीही लिहू नका. २०१८ मध्ये मेरीलँडचा लाइनमन जॉर्डन मॅकनेअर सरावात झालेल्या उष्माघातानंतर काही दिवसांनी गेला. १९ वर्षांचा होता. सर्वांत जास्त धोका याच जाड अंगाच्या मुलांना असतो. बर्फाच्या पाण्याचे टब कुठे ठेवले आहेत, ट्रेनर किती जवळ उभे आहेत, हेही बघत जा. तेही टीमचं मूल्यमापनच आहे.

डिफेन्सिव्ह लाइनसाठी पहिल्या चौघांपेक्षा पुढचे चार बघा. हा गट सतत आलटून पालटून खेळतो, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये दुसरी फळीही बराच वेळ मैदानात असते. लाइनबॅकरचं पहिलं पाऊल बघा, ते पुढे पडतं की बाजूला. प्ले-ॲक्शनवर (रनचा आव आणून केलेल्या पासवर) जो दर वेळी फसतो, तो सीझनमध्येही फसणार. सेकंडरीत स्नॅपच्या आधी बघा: ऑफेन्सचा खेळाडू मोशनमध्ये गेला (जागा बदलू लागला) की सेफ्टी, निकल (पाचवा डिफेन्सिव्ह बॅक) आणि कॉर्नर तिघेही हाताने खुणा करतात का? एक जण खुणावतोय आणि दुसरा त्याच्याकडे बघतच नाही, असं दिसलं तर पुढच्या काही स्नॅपमध्ये कोणीतरी मोकळा सुटणार.

रनिंग बॅकचं धावणं सगळ्यांना दिसतं. तो ब्लिट्झ करणाऱ्या (क्वार्टरबॅकवर चाल करून येणाऱ्या) लाइनबॅकरला छातीवर घेतो का ते बघा. नवा मुलगा कितीही चपळ असला तरी ते जमेपर्यंत तिसऱ्या डाउनला बाकावर बसतो. रिसीव्हरमध्ये, चेंडू आपल्याकडे येणार नाही हे माहीत असताना कोण पूर्ण वेगाने रूट पळतो आणि कोण ब्लॉक करतो, एवढंच. टाइट एंडबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तो लाइनच्या ड्रिलमध्ये किती वेळ असतो आणि रिसीव्हरच्या किती, यावरून कोच त्याला कसा वापरणार ते कळतं.

स्पेशल टीमकडे कोणी बघत नाही, आणि नवख्या बातमीदारासाठी यापेक्षा सोपी जागा नाही. इथे मत लागत नाही, घड्याळ लागतं. पंट हवेत साडेचार सेकंद राहिला तर उत्तम. फील्ड गोलचं अंतर काढताना स्क्रिमेज लाइनच्या आकड्यात साधारण १७ मिळवा. पहिल्या दिवसापासून रोज हे आकडे ठेवा. तिसऱ्या आठवड्यात तुमच्याकडे असं काहीतरी असेल जे मोठ्या चॅनेलच्या माणसाकडेही नसेल.

क्वार्टरबॅक शेवटी. सरावात सॅक (क्वार्टरबॅक चेंडू फेकण्याआधीच सापडणं) होतो तेव्हा फक्त शिट्टी वाजते, त्यामुळे तो निसटला असता की नाही हे कोणालाच ठरवता येत नाही. म्हणून मी निकाल सोडून पावलं आणि वेळ बघते. २०२४ पासून वरच्या पातळीवर कोच मैदानातल्या एका खेळाडूशी हेल्मेटमधून बोलू शकतो, पण प्ले-क्लॉकवर (पुढची खेळी सुरू करायच्या घड्याळावर) १५ सेकंद उरले की आवाज बंद. त्यानंतरचे १५ सेकंद त्याचे स्वतःचे. तो लाइनला काही बदलून सांगतो का? सांगितल्यावर पाचही जण ऐकतात का?

शॉर्टकटबद्दल माझी मतं ठाम आहेत. ‘कोण वर, कोण खाली’ छापाच्या याद्या वाचून आपलं मत बनवू नका. दहा सेकंदांच्या क्लिपवर विसंबू नका, तिच्यात आधीचे अडतीस स्नॅप नसतात. पीएफएफ (खेळाडूंना गुण देणारी विश्लेषण कंपनी) प्रत्येक खेळीला उणे २ ते अधिक २ असे गुण देते. ती पट्टी सवयीसाठी वापरा, पण खेळाडूला नेमकं काय काम दिलं होतं हे तुम्हाला कडेवरून कळत नाही हे विसरू नका. आणि मेंटॉर शोधताना ओळखी करून देणाऱ्याच्या मागे लागू नका. तुमची वही वाचून ‘हे कशावरून?’ असं विचारणारा शोधा. शाळेत लाइनमध्ये खेळलेला, पुढे कुठेही न पोचलेला एखादा माणूस मिळाला तर त्याला सोडू नका. लाइनवाले बघायला शिकवतात. क्वार्टरबॅक राहिलेले लोक गोष्टी सांगतात.

दोन गोष्टींत गय नाही. सराव पत्रकारांना बहुतेक ठिकाणी थोडाच वेळ खुला असतो, आणि फॉर्मेशन किंवा दुखापतींबद्दल काय लिहायचं नाही याचे नियम टीम आधीच देते. ते मोडलेत तर तुमचा पत्रकार-पास जाईल आणि परत मिळणार नाही. दुसरी व्हिसाची. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं. बाहेरच्या वेबसाइटने एका लेखाचे पन्नास डॉलर देऊ केले तरी परवानगीशिवाय घेऊ नका. रक्कम छोटी आहे म्हणून चालतं असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसात जाऊन विचारा.

बाकी, पत्रकार परिषदेत आपल्या उच्चारांची लाज वाटते, हात वर जात नाही, हे मला माहीत आहे. माझाही आधी जात नव्हता. यावर एकच औषध लागू पडलं: अरुंद प्रश्न. ‘लाइन कशी वाटते?’ याला कोच गुळगुळीत उत्तर देतो. ‘आज राइट गार्डला दोघे आलटून पालटून होते, स्टंट सोपवण्यात कोण पुढे आहे?’ असं विचारलं की तो मान वर करून कोणी विचारलं ते बघतो आणि खरं उत्तर देतो. उच्चार त्याच्या लक्षातही राहत नाहीत.

पहिली मॅच झाली की प्रत्येक गटात कोणाला किती स्नॅप मिळाले ते काढा आणि ऑगस्टच्या वहीशेजारी ठेवा. जिथे तुमचा अंदाज चुकला, तिथे त्या खेळाडूच्या नावापुढे तुम्ही त्याला कोणत्या ड्रिलमध्ये पाहिलं होतं ते लिहा. पुढच्या वर्षी वही उघडाल तेव्हा आधी तेवढीच पानं वाचा.