सूर्याच्या घनतेत नॉइज टाकताय? या चुका टाळा

न्यूट्रिनो म्हणजे सूर्याच्या पोटात तयार होऊन बाहेर पडणारे अतिसूक्ष्म कण; वाटेत ते एका प्रकारातून (फ्लेवर) दुसऱ्यात बदलतात, आणि किती ते वाटेतल्या घनतेवरही ठरतं. हे कॉम्प्युटरवर मोजायच्या प्रोजेक्टच्या दिवसांत दर वर्षी कोणीतरी ग्राफ घेऊन येतंच, "मॅडम, सूर्याच्या घनतेत ४ टक्के रॅंडम चढउतार (नॉइज) टाकले, बघा न्यूट्रिनोंचं काय झालं!" मी विचारते, चढउतार किती किलोमीटरचे? की मग सगळे गप्प.

अहो ४ टक्के ही निम्मीच माहिती झाली. १० एमईव्ही (ऊर्जेचं एकक) ऊर्जेच्या न्यूट्रिनोची ऑसिलेशन लेंथ, म्हणजे फ्लेवर बदलून परत मूळपदावर यायचं अंतर, साधारण ३३० किमी. चढउतार त्याहून खूप लांब असतील तर न्यूट्रिनो आरामात जुळवून घेतो, खूप बारीक असतील तर ते एकमेकांना खाऊन टाकतात, खरा धुडगूस शंभरेक किमीवाले घालतात.

मी एवढी चिडते कारण ही माती मी स्वतः खाल्लीये. नवीन असताना न्यूट्रिनोच्या वाटेतल्या प्रत्येक स्टेपला (मोजणीच्या तुकड्याला) घनता गुणिले एक रॅंडम नंबर, एका ओळीत काम खलास. स्टेप ४० किमी. बोरॉन-८ वाले (सूर्यात बोरॉन-८ च्या क्षयातून निघणारे जास्त ऊर्जेचे न्यूट्रिनो) जन्माच्या फ्लेवरमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉन न्यूट्रिनो म्हणूनच पोचायची शक्यता ०.३१ च्या आसपास असते ती मस्त वर सरकली, मी खुश, गाईडना दाखवून आले. ते एवढंच म्हणाले, स्टेप २० कर. केली, तर परिणाम जवळपास निम्मा! १० केली, परत निम्मा. म्हणजे मी सूर्य मोजतच नव्हते, माझी ग्रिड मोजत होते, कारण दर स्टेपला नवा नंबर म्हटल्यावर स्टेप हीच चढउताराची लांबी झाली. दोन महिन्यांचे ग्राफ रद्दीत. ॲडॅप्टिव्ह सॉल्व्हरच्या (स्टेप आपणहून लहानमोठी करत समीकरण सोडवणाऱ्या प्रोग्रामच्या) आत रॅंडम फंक्शन बोलावणारे तर धन्यच, एकाच जागेची घनता विचारावी तेव्हा वेगळी, मग सॉल्व्हर अडकला म्हणून लॅपटॉपला शिव्या.

आता मी आधी लांबी ठरवते, समजा १०० किमी, तेवढे कप्पे पाडून नॉइज एकदाच बनवते, सीडसकट (रॅंडम नंबरांची सुरुवात ठरवणाऱ्या आकड्यासकट) फाइलमध्ये ठेवते आणि सॉल्व्हरला फक्त वाचायला देते. स्टेप निम्मी करून उत्तर हललं नाही तरच पुढे. कंटाळवाणं आहे, पण घाई असेल त्याने दुसरा विषय घ्यावा.

दुसरी लाडकी चूक: नॉइजवाल्या घनतेच्या शंभर प्रोफाइल (केंद्रापासून पृष्ठभागापर्यंतचे आलेख) बनवायच्या, त्यांची सरासरी काढायची आणि त्या सरासरीतून न्यूट्रिनो सोडायचा. अरे, सरासरी काढल्यावर नॉइज राहिला कुठे? प्रत्येक प्रोफाइलमधून वेगळा सोडा, सरासरी शक्यतेची काढा. दोन फ्लेवरच्या हिशोबात ती नॉइजमुळे अर्ध्याकडे सरकते, त्यामुळे बोरॉन-८ ची सरासरी ०.३१ वरून खाली उतरली तर आधी बग शोधा, नवीन फिजिक्स नंतर.

बाकी किरकोळ. वस्तुमानाची घनता नको, इलेक्ट्रॉनची हवी, केंद्रात दर घन सेंटिमीटरला १५० ग्रॅम वस्तुमान, पण इलेक्ट्रॉन जेमतेम १०० मोल. इलेक्ट्रॉन घनतेचं ते २४५ आणि १०.५४ वालं एक्स्पोनेन्शियल सूत्र (२४५ × e^(−१०.५४ r/R) मोल, r केंद्रापासूनचं अंतर, R सूर्याची त्रिज्या) केंद्रापर्यंत ताणू नका, तिथे ते अडीचपट सांगतं. वरचा थर उकळतोय म्हणून नॉइज तिथे ओतू नका, तो सूर्याच्या ०.७१ त्रिज्येच्या बाहेर आणि १० एमईव्हीचा रेझोनन्स (जिथल्या घनतेला फ्लेवर सगळ्यात जोरात बदलतो ती जागा) ०.२४ च्या आसपास. आणि पीपी (दोन प्रोटॉनच्या संयोगातून निघणाऱ्या) न्यूट्रिनोंवर परिणाम का दिसत नाही म्हणून रात्री अकराला मेसेज करू नका, त्यांची ऊर्जा जास्तीत जास्त ०.४२ एमईव्ही, रेझोनन्सला केंद्रातसुद्धा २ एमईव्हीच्या आसपास लागते.