बावीत काळं लाकूड लागलं तर

बाव म्हणजे विहीर खणताना जांभा (तांबडा दगड) फोडून खाली गेल्यावर कधीकधी कोळशासारखं काळं लाकूड वर येतं आणि गडी ते चुलीत घालतात. कृपा करून घालू नका, तो फार जुन्या झाडाचा जीवाश्म, म्हणजे जमिनीत टिकून राहिलेला अवशेष असतो. रत्नागिरीच्या आसपास बाव खणताना ते लागतं. आमचा धंदाच हा, म्हणून काय करायचं ते लिहितो.

आधी ते टिकलं कसं ते बघा. रानात पडलेलं झाड वाळवी, बुरशी आणि हवा मिळून संपवतात. पण ओंडका संथ पाण्यात पडून लगेच बारीक चिखलाखाली गेला, की हवा तुटते आणि कुजणं अर्ध्यावर थांबतं. वर गाळ चढत राहतो, त्याच्या भाराने पाणी आणि वायू निघून जातात, मागे मुख्यतः कार्बन उरतो. हेच लिग्नाइट. पानाच्या शिरासुद्धा त्यात दिसतात. इकडचे हे थर मायोसीन काळातले मानले जातात. तो काळ 2.3 कोटी ते 53 लाख वर्षांपूर्वीचा.

कुठे लाकडाचा खरोखर दगड होतो. पाण्यात विरघळलेली सिलिका (वाळूत असतं तेच द्रव्य) पेशीपेशीत साचते. असं लाकूड उन्हात राहिलं तरी चालतं, लिग्नाइटला ऊन सोसत नाही.

जांभ्यात जीवाश्म शोधू नका. त्यात मुरणारं पावसाचं पाणी हाडं, शिंपले विरघळवतं. काळा दगड तर थिजलेला लाव्हाच, त्यातही शोधू नका. मात्र दोन लाव्हांच्या मधे तळ्याचा गाळ दिसला तर थांबा. मुंबईत वरळीला अशाच थरात बेडकांचे सांगाडे मिळाले, ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी 1847 मध्ये त्यांचं वर्णन केलं.

आता काम. निळसर-काळी चिकणमाती लागली की पहार बाजूला ठेवा, खुरपी घ्या. ही माती पाणी धरते आणि भिंत सुटते, म्हणून कडेला आधार दिल्याशिवाय कुणाला खाली सोडू नका. वस्तू हलवण्याआधी काठापासूनची खोली टेपने मोजा, पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा, वरपासूनचे थर रंगासकट लिहून ठेवा. खोली आणि थर माहीत नसतील तर तुकड्याची निम्मी किंमत गेली असं मी समजतो.

ढेकूळ मातीसकट उचला, धुऊ नका. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि सावलीत ठेवा. उघडं वाळलं तर तडकतं, पापुद्रे सुटतात. पिवळे चकाकते दाणे दिसले तर ते सोनं नाही, पायराइट (लोखंड आणि गंधकाचं खनिज) आहे. हवा नसलेल्या चिखलातच ते तयार होतं आणि दमट हवा लागली की त्याची पांढरी-पिवळी पूड होते. असे तुकडे वेगळ्या पिशवीत, हवा काढून बांधा.

मग जवळच्या कॉलेजातल्या भूशास्त्र विभागाला फोटो पाठवा. लखनौची बीरबल साहनी संस्था वनस्पतींच्या जीवाश्मांवर काम करते. पिशवीवर गाव, तारीख, खोली पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी बांधा. पेनाची शाई ओलीला पसरते.