बाळ उलटं आहे म्हणाले? आधी आठवडा बघा, मग हे विचारा

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ब्रीच, म्हणजे बाळाचं डोकं वर आणि बूड किंवा पाय खाली, हा शब्द दिसला की पहिल्यांदा आठवडा कितवा ते बघायचं, घाबरायचं की नाही ते त्याच्यावर ठरतं. २८ व्या आठवड्यात चार-पाच बाळांमागे एक तरी डोकं वर करूनच बसलेलं असतं, आत जागा असते, पाणी भरपूर असतं, आज असं उद्या तसं चालू असतं त्यांचं. दिवस भरेपर्यंत हेच प्रमाण शंभरात ३-४ वर येतं, म्हणजे बहुतेक पोरं आपापली फिरतात. तर ३० व्या आठवड्यात कोणी "बाळ उलटं आहे हं" म्हणालं तर बरं म्हणायचं आणि घरी येऊन झोपायचं. ३६ व्यात म्हणालं तर मात्र कॅलेंडर काढून बसायचं, कारण पुढच्या दोन-तीन आठवड्यांतच काय ते ठरवायचं असतं.

मला ३६ व्या आठवड्यात एवढंच सांगितलं गेलं की बाळ उलटं आहे, ३९ ला सिझर करू, बाहेर तारीख घेऊन जा. पोटावरून हाताने बाळ फिरवायचा प्रयत्न करता येतो हा विषयच निघाला नाही, तो मला जावेकडून कळला आणि दुसऱ्या डॉक्टरांना गाठून विचारेपर्यंत साडेसदतीस आठवडे होऊन गेले. शेवटी माझं सिझरच झालं आणि त्याबद्दल काही म्हणणं नाही माझं, राग आहे तो मधलं दार कोणी दाखवलंच नाही याचा. म्हणून हे लिहितेय, की तुम्ही स्वतःहून विचारा, कोणी सांगेल म्हणून वाट बघू नका.

आता बाळ उलटं आहे हे घरी कळतं का, तर अंदाज येतो. माझ्या उजव्या बरगडीखाली एक टणक गोळा कायम टेकलेला असायचा, वाकून चप्पल घालायला गेलं की टोचायचा, आणि लाथा मात्र सगळ्या खाली लघवीच्या पिशवीवर. उचक्यासुद्धा बेंबीच्या वर जाणवायच्या. तो वरचा गोळा म्हणजे डोकं निघालं. पण हा अंदाजच, डॉक्टरांचा हातसुद्धा कधीकधी फसतो, ३६ च्या आसपास सोनोग्राफी करूनच पक्कं करायचं आणि त्यातच बाकीचं पण विचारून घ्यायचं, वार कुठे आहे, पाणी किती आहे, वजन किती, मान कशी आहे आणि पाय कसे आहेत.

पाय कसे आहेत हे का, तर त्यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. बहुतेकांचे पाय सरळ वर, पावलं तोंडाशी आणि बूड खाली, काही मांडी घालून बसल्यासारखी असतात, आणि काहींचं एक नाहीतर दोन्ही पाऊल सगळ्यात खाली असतं. आपल्याकडे पायाळू म्हणतात ते खरं तर हे शेवटचं, बाकीची नुसती बुडावर बसलेली असतात. हे पाऊल खाली असणारं सगळ्यात जोखमीचं, का ते पाणमोटेच्या वेळी सांगते.

आणि हो, तुमचं काही चुकलं म्हणून असं झालेलं नसतं. कधी वार खाली असते, कधी पाणी खूप कमी किंवा खूप जास्त, गर्भपिशवीचा आकार वेगळा असतो, फायब्रॉइड असतो, जुळं असतं. बऱ्याचदा तर कारणच सापडत नाही. तुम्ही कुठल्या कुशीवर झोपलात, जिने किती चढलात, याचा काही संबंध नाही, कोणी म्हणालंच तर एका कानाने ऐका.

घरचे उपाय म्हणाल तर कमरेखाली उशा घेऊन पडणं, गुडघ्यावर ओणवं होऊन छाती खाली टेकवणं, हे सगळं मी केलं, दिवसातून दोनदा, नवरा शेजारी मोबाइलवर टायमर लावून. याने बाळ फिरतं असा पुरावा काही नाही, पण जपून केलं तर सहसा नुकसानही नाही, चक्कर आली किंवा छातीत जळजळ झाली की उठायचं. बीपी वाढलेलं असेल तर आधी विचारून. चिनी पद्धतीत पायाच्या करंगळीच्या नखाजवळ औषधी वनस्पतीची कांडी पेटवून शेक देतात त्याला मॉक्सीबश्चन म्हणतात, ते साधारण ३३ ते ३५ आठवड्यांत करतात, त्याचा थोडा उपयोग होत असावा असं अभ्यासांत दिसलंय, पण जाणकाराकडून आणि डॉक्टरांना सांगून. एक गोष्ट मात्र अजिबात करू नका, कोणाकडूनही पोट चोळून बाळ फिरवून घेऊ नका. कितीही अनुभवी बाई असू दे. वार सुटू शकते, बाळाचे ठोके पडू शकतात आणि तिथे ते बघायला मशीन नसतं.

मग डॉक्टर पोटावरूनच फिरवतात त्यात काय वेगळं, हा प्रश्न मलाही पडला होता. वेगळं हे की तिथे सोनोग्राफी चालू असते, आधी आणि नंतर ठोक्यांचा ग्राफ काढतात, आणि ऑपरेशन थिएटर जवळ असतं. याला ईसीव्ही म्हणतात, तो शब्द लक्षात ठेवा, हाच विचारायचा. पहिलटकरणीला ३६ आठवडे पूर्ण झाल्यावर आणि आधी बाळंतपण झालेल्यांना ३७ नंतर करतात, काही ठिकाणी सगळ्यांनाच ३७. साधारण निम्म्या वेळा जमतं, पहिल्या खेपेला दहात चार आणि नंतरच्या खेपेला दहात सहा असं धरा. फिरलेलं बाळ परत उलटं होण्याचं प्रमाण शंभरात पाचापेक्षा कमी. आणि धोका म्हणाल तर साधारण २०० जणींत एकीला लगेच सिझर करावं लागतं, म्हणून तर थिएटर जवळ हवं.

माझ्या वेळी काय झालं ते सांगते म्हणजे अंदाज येईल. लघवी करून यायला सांगितलं, मग दंडात टर्ब्युटालिनचं इंजेक्शन, गर्भपिशवी सैल पडावी म्हणून, त्याने छाती अशी धडधडायला लागली की मला वाटलं मी पळून आलेय आणि हात थरथरत होते, हे होतं असं त्यांनी आधीच सांगितलं होतं म्हणून बरं. पोटावर भरपूर जेल. डॉक्टरांनी एका हाताने ओटीपोटातून बाळाचं बूड वर उचललं आणि दुसऱ्या हाताने ते बरगडीखालचं डोकं बाजूला ढकलायला सुरुवात केली, म्हणजे बाळाने कोलांटी मारावी तसं. दुखतं का, तर हो, चिमटा किंवा कळ असं नाही, पण कोणीतरी आतून कणीक तिंबतंय असा दाब, मी नवऱ्याचा हात इतका दाबला की त्याच्या अंगठीचा वळ उठला त्याच्याच बोटावर. एकदा डोकं बेंबीच्या बाजूपर्यंत आलं, मला चक्क पोटाचा आकार तिरका झालेला दिसला, आणि डॉक्टरांनी हात जरा सैल केला तसं सरकन परत जागेवर. दुसऱ्यांदा पण तेच. मग ते स्वतःच म्हणाले की बास, जबरदस्ती नाही करायची. तुम्हीही कधीही थांबा म्हणू शकता, ते थांबतात. सगळं मिळून हाताचं काम पाच-सात मिनिटांचं, बाकी वेळ ग्राफ काढण्यातच गेला.

रक्तगट निगेटिव्ह असेल तर त्यानंतर अँटी-डी इंजेक्शन लागतं का ते विचारायचं. घरी आल्यावर रक्त गेलं, पाणी गेलं, पोट सतत दुखत राहिलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट बघायची नाही, तेव्हाच निघायचं. आणि वारेने गर्भपिशवीचं तोंड झाकलेलं असेल, पाणी गेलेलं असेल, नुकतंच रक्त गेलं असेल, ग्राफ बरोबर नसेल, जुळं असेल किंवा सिझर कुठल्या दुसऱ्या कारणाने होणारच असेल, तर ईसीव्ही करत नाहीत. तेव्हा नाही म्हणाले तर का नाही ते विचारा, कारण असतं.

नाही फिरलं तर मग दोन रस्ते, ठरवून सिझर किंवा उलट्या बाळाची नॉर्मल डिलिव्हरी. दुसरं ऐकून लोक डोळे मोठे करतात, पण पूर्वी ते सर्रास व्हायचं. २००० साली २६ देशांतल्या दोन हजारांहून जास्त बायकांचा एक मोठा अभ्यास आला, टर्म ब्रीच ट्रायल, त्यात ठरवून सिझर केलेल्यांची बाळं जन्माच्या वेळी जास्त सुखरूप निघाली आणि जगभर सगळे सिझरकडे वळले. २००४ मधे त्यातल्याच मुलांना दोन वर्षांनी तपासलं तर दोन्ही गटांत फरक दिसला नाही, आणि २००६ मधे फ्रान्स-बेल्जियमच्या अभ्यासात, जिथे बायका नीट निवडून घेतल्या होत्या, तिथेही विशेष फरक आला नाही. पण तोपर्यंत नवीन डॉक्टरांचा हातच बसेनासा झाला होता. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१७ मधे दिलेला हिशोब मला सगळ्यात सरळ वाटतो, बाळ दगावण्याचं प्रमाण ३९ आठवड्यांनंतर ठरवून केलेल्या सिझरला हजारात ०.५, डोकं खाली असलेल्या नॉर्मलला हजारात १ आणि उलट्या नॉर्मलला हजारात २. तिन्ही आकडे लहानच, पण चौपट फरक आहे तो पण आहेच, दोन्ही एकदम डोक्यात ठेवायचं.

नॉर्मलचा विचार करणार असाल तर मुख्य प्रश्न हा की करणारा कोण. आधी अंग येतं आणि डोकं, म्हणजे सगळ्यात मोठा भाग, शेवटी येतं, तेव्हा नाळ दाबली गेलेली असते आणि वेळ थोडा असतो. तेव्हा ओढाओढ करायची नसते, हात मागे ठेवून थांबायचं आणि लागेल तिथेच मदत करायची, हे करून करूनच येतं. तर स्पष्ट विचारायचं, तुम्ही स्वतः अशा किती केल्या, गेल्या वर्षात किती, आणि मला रात्री तीनला कळा आल्या तर तुम्हीच असाल का दुसरं कोणी? माझ्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की मी शिकत असताना केल्यात, आता सवय नाही. मला तो प्रामाणिकपणा एवढा आवडला की तिथेच सिझरचं ठरलं. जावेचं दुसरं बाळ मात्र असंच बुडाकडून नॉर्मल झालं, तिचं पहिलं बाळंतपण सोपं गेलं होतं, बाळ तीन किलोच्या आत, मान खाली वाकलेली, पाय वर, आणि डॉक्टर मुरलेल्या. पाऊल खाली, मान मागे ताठ, वजन ३.८ किलोच्या वर किंवा बाळ फारच बारीक असेल तर हा रस्ता सोडायचा. आणि हा घेतला तरी दहातल्या चार जणींचं शेवटी सिझरच होतं, ते घाईत होतं, हे पण मनात असू दे.

सिझर ठरलं तर ३९ आठवडे पूर्ण झाल्यावरचीच तारीख मागा, आधी काढलं तर बाळाला श्वासाचा त्रास व्हायची शक्यता जास्त. पुढे अजून मुलं हवी असतील तर तेही बोलून ठेवा, टाक्यांमुळे पुढच्या खेपेला वारेचे प्रश्न येऊ शकतात. आणि त्या दिवशी सकाळी थिएटरमधे जायच्या आधी परत सोनोग्राफी करायला सांगा, काही पोरं शेवटच्या दिवसांत फिरतात आणि मग सिझरची गरजच उरत नाही.

बॅग ३७ पासूनच भरून ठेवा कारण कळा तारीख बघून येत नाहीत. पाणमोट फुटली तर कळा नसल्या तरी तडक हॉस्पिटल. डोकं खाली असलं की ते बुचासारखं गर्भपिशवीचं तोंड बंद करतं, पाऊल खाली असलं की मोकळी जागा राहते आणि पाण्याबरोबर नाळ घसरून बाहेर येऊ शकते. खाली दोरीसारखं काही लागलं किंवा दिसलं तर ते आत ढकलायचं नाही, गुडघ्यावर ओणवं व्हायचं, डोकं आणि छाती खाली, कंबर वर, अँब्युलन्स बोलवायची आणि फोनवर नाळ बाहेर आलीय असं स्पष्ट सांगायचं.

बाळ आल्यावर पाय बघून दचकू नका. माझ्या लेकीचे पाय कितीतरी दिवस कानाशी जायचे, डायपर बदलताना ती स्वतःच स्वतःला घडी घालून घ्यायची, ते हळूहळू सुटतं. नॉर्मल झालं असेल तर बुडावर निळसर डागही दिसतात, तेही जातात. एक तपासणी मात्र चुकवू नका, खुब्याच्या सांध्याची सोनोग्राफी, साधारण सहाव्या आठवड्याला. उलट्या बाळांमधे खुबा सैल राहायचं प्रमाण जास्त असतं, मुलींमधे अजूनच, आणि सिझर झालं म्हणून ते टळत नाही, कारण पोटात किती दिवस तसं बसलं होतं याचा प्रश्न आहे. ३६ आठवड्यांनंतर उलटं असून मग फिरलं असेल तरी करायची, हे बरेच जण विसरतात. लवकर सापडलं तर पट्ट्यांनी बरं होतं, चालायला लागल्यावर कळलं तर ऑपरेशनपर्यंत जातं. आणि तोवर दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ करून घट्ट बांधू नका, वरून हवं तेवढं आवळा, मांड्या बेडकासारख्या फाकायला खाली जागा सोडा.