आधी जनरेटरची वही काढा

इमारतीच्या वीजवापराच्या ऑडिटसाठी कागद जमवताना बिलं नंतर, आधी जनरेटर किती चालला याची वही. मागच्या वर्षी जळगावच्या एका चार मजली ऑफिस इमारतीचं काम मी उलट्या क्रमाने केलं आणि मालकासमोर तोंडावर पडलो.

बीईई म्हणजे केंद्राचा ऊर्जा दक्षता ब्युरो, त्याचं काटकसरी इमारतीला मिळणारं स्टार लेबल हवं असेल तर जोडभार (जोडलेल्या सगळ्या उपकरणांची मिळून क्षमता) १०० किलोवॅट किंवा वर लागतो, आणि सलग बारा महिन्यांचा हिशोब. बिलं महावितरणच्या साइटवर मिळतात. एकच जपा: उच्चदाब ग्राहकांची आकारणी एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर (पॉवर फॅक्टरही धरणारा आकडा) आहे, आपल्याला केडब्ल्यूएच, म्हणजे खरे वापरलेले युनिट हवेत. घाईत दुसराच आकडा उचलला जातो.

क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये लिहा, म्हणजे चौरस फुटांना १०.७६४ ने भागा. पार्किंग, लॉन, रस्ते धरायचे नाहीत. शेठ म्हणतात, "भाऊ, तळघर पण धरा ना." धरलं की युनिट जास्त जागेवर वाटले जातात आणि इमारत कागदावर काटकसरी दिसते, म्हणून तर म्हणतात. मंजूर नकाशा शेजारी ठेवा, वाद तिथेच मिटतो.

आता वही. वर्षाचे युनिट भागिले क्षेत्रफळ, हा झाला आपला निर्देशांक. त्या युनिटांत विकत घेतलेली वीज येते, तशी जनरेटरने केलेलीही येते. छतावरच्या सोलरची वीज मात्र त्यात नाही. समजा बिलं चार लाख युनिटांची आणि जागा २,५०० चौरस मीटर, तर निर्देशांक १६०. जनरेटरचे २० हजार मिळवले की १६८. मे महिन्यात पारा ४४ वर, लाइन गेलेली आणि एसी डिझेलवर चाललेले, हे बिलात कुठेच दिसत नाही.

मला हे शेवटच्या आठवड्यात आठवलं. वॉचमनला विचारलं, "वही कोठे शे रे भो?" तो म्हणाला, "रद्दीमा गयी." उरलं होतं एकच पान, डिझेलने पिवळं पडलेलं. त्यावर तासांच्या रेघा, आणि मागे त्याच्या पोराचे पाढे. लिटर नाहीत, युनिट नाहीत. लिटरमागे तीन-साडेतीन युनिट असा अंदाज बांधता येतो, पण अंदाजावर सही कोण करणार? अर्ज मागे घेतला, पुन्हा बारा महिने मोजले.

म्हणून आजच पॅनेलवरच्या जनरेटर मीटरचं रीडिंग घ्या. मीटर नसेल तर आजच बसवा. तारीख, चालू-बंद वेळ, युनिट, डिझेलचे लिटर, सही. डिझेलच्या पावत्या वहीलाच टाचा. कार्बनच्या हिशोबालाही त्याच लागतात, लिटरमागे साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. दर एक तारखेला पानाचा फोटो मालकाच्या मोबाइलवर. वही वॉचमनकडे असू द्या, फोटो त्याच्याकडे नको.

बाकी एसीच्या नावपट्ट्यांचे फोटो, दिव्यांची मोजणी, कामाचे तास, लिफ्ट, पंप. सोलरचं मीटर वेगळं टिपा. ऑडिटरला गच्चीची किल्ली आधी द्या. बाकी कागदांच्या झेरॉक्स दोन प्रती, वहीच्या तीन.