अंतर्वस्त्रांचं इलॅस्टिक ठरवताना या चुका टाळा

छोट्या युनिटमधून इलॅस्टिकची ऑर्डर बहुतेक वेळा अशी जाते: सव्वा इंची, काळं, मऊ, इतके रोल. काही महिन्यांनी दुकानदाराचा फोन येतो. चड्डी कमरेवरून घसरते, नाहीतर इतकी काचते की वळ उठतात. मग मिलला दोष दिला जातो, पण मिलने नेमकं काय पाळायचं होतं हे त्या ऑर्डरमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. तिरुपूरचा होजिअरी कारखाना असो की सोलापूरचं शालेय गणवेशाचं युनिट, कापडाचा जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅममधलं वजन), रंग, शिलाई यांवर भरपूर चर्चा होते आणि इलॅस्टिक शेवटी उरकलं जातं. ते घालणाऱ्याच्या अंगावर दिवसभर ताणलेलं राहणार असतं. त्याला सुरुवातीपासून वेळ द्यायला हवा.

हाताने ताणून पसंत करणं

सगळ्यात जास्त नुकसान या सवयीने होतं. नमुन्याचा तुकडा दोन्ही हातांनी ताणला, बरा वाटला, घेतला. मिलवाला सांगतो, "शंभर टक्के स्ट्रेच आहे." पण तो कपडा शंभर टक्के कधी ताणलाच जाणार नसतो.

८५ साइजची ट्रंक, म्हणजे आखूड पायांची पुरुषांची चड्डी, घेऊ. कंबर ८५ सेंमी, नितंबांचा घेर समजा ९८ सेंमी, आणि इलॅस्टिक शिवून तयार झाल्यावर न ताणता ७२ सेंमी. कमरेवर बसल्यावर ते १८ टक्के ताणलेलं असतं. घालता-काढताना नितंबांवरून जाताना ३६ टक्क्यांपर्यंत जातं. त्याचं सगळं आयुष्य या दोन आकड्यांमध्ये जातं. त्यापलीकडचा स्ट्रेच सुरक्षेसाठी थोडा हवा, पण निवड त्यावरून करायची नसते.

आता यातली मेख. कपडा घालताना इलॅस्टिक आधी ३६ टक्क्यांवर जातं आणि मग *परत येऊन* १८ वर थांबतं. रबर असो वा स्पॅन्डेक्स (रबरासारखा ताणणारा कृत्रिम धागा), ताणत नेताना जेवढा जोर लागतो तेवढा ते सोडताना परत देत नाही. मधली थोडी ऊर्जा उष्णतेत जाते. म्हणजे १८ टक्क्यांवर चढताना लागणारा जोर वेगळा आणि उतरताना मिळणारा वेगळा, नेहमी कमी. कमरेला धरून ठेवतो तो उतरतानाचा जोर. हाताने ताणून पाहताना आपल्याला फक्त चढतानाचा जोर कळतो. म्हणून दोन नमुने हाताला सारखे लागतात आणि अंगावर एक धरतो, दुसरा सुटतो.

प्रयोगशाळेत हे एएसटीएम डी ४९६४ सारख्या प्रमाणित चाचणीने मोजतात. युनिटमध्ये सामान तोलायचा हुकाचा डिजिटल काटा पुरतो. इलॅस्टिकवर २० सेंमी अंतरावर दोन खुणा करा. एक टोक मोजपट्टीला घट्ट अडकवा, दुसरं काट्याला. २८ सेंमीपर्यंत, म्हणजे ४० टक्के, तीनदा ताणून सोडा. तिसऱ्या वेळी सोडताना २३.६ सेंमीवर थांबा आणि काटा वाचा. ग्रॅममधला हा आकडा म्हणजे १८ टक्क्यांवरचा परतीचा जोर. ऑर्डरमध्ये रुंदीच्या शेजारी हाच लिहा, त्याला वर-खाली किती चालेल तेही लिहा, आणि प्रत्येक लॉट आला की तपासा.

लॅटेक्सच्या रबराचं इलॅस्टिक घेत असाल तर रबराचा नंबर आणि धाग्यांची संख्याही ऑर्डरमध्ये हवी. ४० नंबर म्हणजे शेजारी शेजारी ४० धागे ठेवले की १ इंच भरतो. नंबर जितका मोठा तितका धागा बारीक. धागे तेवढेच ठेवून ४० ऐवजी ४४ नंबर वापरला तर रबराचं आडवं क्षेत्रफळ सुमारे १७ टक्क्यांनी घटतं आणि जोरही साधारण तेवढाच उतरतो. रुंदी तीच, रंग तोच, दर थोडा कमी. डोळ्यांना काहीच कळत नाही.

कडक इलॅस्टिक कमरेच्या मापाजवळ कापणं

स्वस्त, कडक इलॅस्टिक घ्यायचं आणि ते थोडंच ताणलं जाईल असं लांब कापायचं, ही पद्धत फार रुळलेली आहे. कापडाला चुण्या कमी पडतात, शिवायला सोपं जातं. पण अंगावर ते वाईट वागतं.

वरची ट्रंक दोन प्रकारे करून पाहू. एकात कडक इलॅस्टिक ७२ सेंमी, दुसऱ्यात मऊ इलॅस्टिक ६५ सेंमी. दोन्ही असे निवडले की ८५ सेंमीच्या कमरेवर ४०० ग्रॅम जोर देतील. माणूस खाली बसला आणि कंबर ८९ सेंमी झाली. ताण आणि जोर सरळ प्रमाणात धरले, तर कडक इलॅस्टिक सुमारे ५२५ ग्रॅमवर जातं, मऊ ४८० वर. नितंबांवरून ओढताना कडकला ८०० ग्रॅम लागतात, मऊला ६६०. धुऊन धुऊन दोन्ही इलॅस्टिकं ४ सेंमी सैलावली, तर कडकचा जोर ४०० वरून २६० वर येतो, मऊचा ३०० वर. म्हणजे कडक इलॅस्टिक नवं असताना जास्त काचतं आणि जुनं झाल्यावर लवकर मान टाकतं. "आधी टोचायची, मग सैल झाली" ही एकाच गिऱ्हाइकाची तक्रार इथून येते आणि कित्येक जण तिला विसंगत समजून सोडून देतात.

मऊ इलॅस्टिक आखूड कापलं की चुण्या वाढतात, हे खरं. होजिअरी कापड ते सामावून घेतं. बिनताणाच्या सुती कापडाच्या बॉक्सरमध्ये मात्र आणखी एक गोष्ट पाहावी लागते: नेफ्याच्या कापडाचा घेर नितंबांच्या मापापेक्षा जास्तच हवा. कापडच ९४ सेंमी असेल तर आत कितीही उत्तम इलॅस्टिक घाला, ९८ च्या नितंबांवरून ती चड्डी चढणार नाही; चढवली तर शिलाई उसवेल.

मोठ्यांचं इलॅस्टिक लहान मुलांना लावणं

गोदामात जे उरलंय तेच मुलांच्या साइजला, हे पाहून खरंच वाईट वाटतं. त्वचेवरचा दाब जोरावर तर अवलंबून असतोच, शिवाय पट्टीच्या रुंदीवर आणि कमरेच्या गोलाईवरही. घेर लहान, तर दाब जास्त. २५ मिमी रुंद पट्टी ४ न्यूटन, म्हणजे साधारण ४०० ग्रॅम, जोराने बसली तर ८० सेंमीच्या कमरेवर दाब सुमारे ९ मिमी पारा (रक्तदाब मोजतात त्याच एककात) येतो. तीच पट्टी त्याच जोराने ५० सेंमीच्या कमरेवर बसवा, दाब १५ वर जातो. जर्मन मानकात वैद्यकीय कॉम्प्रेशन मोज्यांचा पहिला वर्ग घोट्यापाशी १८ ते २१ मिमीचा आहे, म्हणजे आपण एका लहान मुलाच्या पोटावर दिवसभर त्याच्या जवळ जाणारा दाब ठेवतोय. प्रौढांच्या कमरेवरही पट्टी २५ ऐवजी ४० मिमी केली, तर त्याच जोराला दाब ९ वरून ६ पर्यंत उतरतो. मुलांसाठी वेगळं, कमी जोराचं इलॅस्टिक मागवा आणि पट्टीची मऊ, लव असलेली बाजू अंगाला येऊ द्या. गणवेशाच्या हाफ पँटमध्ये फक्त मागच्या भागात इलॅस्टिक घालतात. तिथे सगळं ताणणं तेवढ्याच लांबीला करावं लागतं, म्हणून टक्केवारी पूर्ण घेरावर न काढता त्या तुकड्यावर काढा.

विणीकडे न बघणं

नीडल लूमवर ताण्या-बाण्याने विणलेलं इलॅस्टिक ताणलं तरी रुंदी टिकवतं, लोगो उठून दिसतो, बाहेर दिसणाऱ्या कमरपट्टीला ते योग्य. क्रोशे मशीनवरचं मऊ, हलकं असतं, सुई गेली तरी सहसा बिघडत नाही; पायाच्या कडेला आणि थेट शिवायच्या जागी ते वापरा. गोफासारखं गुंफलेलं, म्हणजे ब्रेडेड, ताणलं की अरुंद होतं. ते नेफ्यात ओवायला ठीक, पण त्यावरून उभ्या शिलाया मारू नका.

रोलवरून थेट कापणं

रोल गुंडाळताना इलॅस्टिक ताणलेलं असतं. लगेच कापलं तर ७२ चा तुकडा तासाभरात आखूड होतो, आणि रोलच्या आतल्या व बाहेरच्या थरांत फरक असल्याने एकाच लॉटच्या चड्ड्या वेगवेगळ्या मापांच्या निघतात. कापायच्या आदल्या दिवशी इलॅस्टिक पेटीत किंवा टेबलावर सैल सोडून ठेवा, किमान २४ तास. शक्य असेल तर मिलकडून रोलऐवजी पेटीत घड्या घालून मागवा. मग १ मीटरचा तुकडा कापडासोबत धुऊन सुकवून मोजा. इलॅस्टिक आणि कापड यांचं आटणं जुळलं नाही तर कमरेला लाटा येतात. मशीनवर कितीही डोकं खपवलं तरी त्या जात नाहीत.

शिलाईने इलॅस्टिक मारणं

इलॅस्टिकवरून जाणारी प्रत्येक ओळ त्याला थोडं ताणलेलं धरून ठेवते. कान्साईवर, म्हणजे अनेक सुयांच्या शिलाई मशीनवर, चार सुयांनी मारलेली पट्टी मूळ लांबीवर पुरती परत येत नाही. म्हणून आधी शिवून, एक रात्र ठेवून, मगच तयार माप घ्या आणि त्यावरून कापायची लांबी ठरवा. उलट क्रमाने गेलात तर प्रत्येक साइज सैल निघेल.

शिवल्यावर पट्टी वीस-पंचवीस वेळा ताणून बघा. कापडातून रबराची बारीक टोकं केसांसारखी बाहेर आली, तर सुई रबर कापतेय. गोल टोकाची सुई लावा, नंबर ७० किंवा ७५ वर या, झिजलेली सुई वेळेत बदला. टाकाच तटतट तुटत असेल तर रबराला बोल लावू नका: साधा सरळ लॉकस्टिच ताणत नाही. चेनस्टिच, ओव्हरलॉक किंवा झिगझॅग हवा, आणि लूपरला (खालून धागा गुंफणाऱ्या भागाला) टेक्सचर्ड, म्हणजे फुगीर आणि ताणणारा, धागा.

पट्टीच्या टोकाला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर भाग लुळा पडला असेल, तर तिथून रबर आत सरकलंय. वीण धाग्याला घट्ट धरत नाही, किंवा जोड फार कडेला मारलाय. टोकं एकमेकांवर पुरेशी चढवून बारटॅक (दाट, पक्के टाके) करा. पुढच्या लॉटला वीण आवळायला सांगा.

बसल्यावर कमरपट्टी दुमडते ती आडव्या ताठपणाच्या अभावाने. बाण्यात मोनोफिलामेंट (एकेरी ताठ धागा) असलेली नॉन-रोल पट्टी घ्या. नेफ्यात घालत असाल तर नेफा इलॅस्टिकपेक्षा २-३ मिमीच रुंद ठेवा आणि बाजूच्या शिवणींवर टाके घालून ते पक्कं करा.

लोगो न ताणता पास करणं

जकार्डची, म्हणजे विणीतच उमटवलेली, अक्षरं न ताणलेल्या पट्टीवर बघून मंजूर करतात आणि अंगावर ती फताडी दिसतात. कमरेवरच्या ताणाइतकी, म्हणजे वरच्या उदाहरणात १८ टक्के, ताणून बघा आणि प्रमाण तिथे बसवा. लोगो किती अंतराने पुन्हा येतो हे अंतर कापायच्या लांबीशी आधीच जुळवा, नाहीतर जोडात अर्धं अक्षर जातं आणि नाव समोर मध्यावर येत नाही. पाच साइज असतील तर पाचही साइजसाठी हे कागदावर आखा.

रबर की स्पॅन्डेक्स, हे वापरणाऱ्याशिवाय ठरवणं

१९५८ मध्ये ड्यूपाँटमध्ये जोसेफ शिव्हर्स यांनी स्पॅन्डेक्स शोधला, पण लॅटेक्सचं रबर आजही भरपूर वापरलं जातं. स्वस्त आहे, परत चांगलं येतं. त्याचे शत्रू ठाऊक असले पाहिजेत: तेल, ऊन, ओझोन, तांब्याचे अंश. आपल्याकडे बाळाला रोज तेल लावून मालिश करतात, कपडे दुपारच्या उन्हात वाळतात. तेलाने नैसर्गिक रबर फुगतं आणि सैलावतं. बाळाच्या कपड्यांत आच्छादित (वरून दुसरा धागा गुंडाळलेला) स्पॅन्डेक्स जास्त टिकतो, शिवाय लॅटेक्सच्या प्रथिनांची ॲलर्जी असणाऱ्यांचा प्रश्नही मिटतो. स्पॅन्डेक्सचं वैर क्लोरीन ब्लीचशी, म्हणून पांढऱ्या चड्डीच्या लेबलवर ब्लीचची मनाई ठळक छापा.

रबराच्या बाबतीत ब्लीचची गोष्ट त्वचेपर्यंत जाते. चड्डीच्या इलॅस्टिकखाली पट्ट्यासारखं उठणारं पुरळ धुताना वापरलेल्या ब्लीचने रबरातलं रसायन बदलल्यामुळे येऊ शकतं, हे त्वचारोगतज्ज्ञांनी १९७५ मध्ये दाखवून दिलं. म्हणून रबर थेट अंगाला लागणार नाही अशी रचना ठेवा. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी माल करत असाल तर मिलकडे ओइको-टेक्स स्टँडर्ड १०० चं (कापडात घातक रसायनं नसल्याची तपासणी) पहिल्या वर्गाचं प्रमाणपत्र मागा आणि ते तुमच्या नेमक्या आर्टिकलला लागू आहे का हे वाचून बघा.

पांढरं इलॅस्टिक प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवणं

न वापरलेला पांढरा रोल पिवळा पडला की जुना माल म्हणून भांडण होतं. बऱ्याचदा कारण पिशवी असते. काही पॉलिथिनमध्ये बीएचटी नावाचं अँटिऑक्सिडंट असतं. ते धाग्यावर उतरतं आणि वाहनांच्या किंवा गॅसच्या ज्वलनातून आलेल्या नायट्रोजन ऑक्साइडशी मिळून पिवळं होतं. बीएचटीविरहित पिशव्या मागवा आणि गोदामात डिझेलचा टेम्पो सुरू ठेवून माल उतरवू देऊ नका. हा पिवळेपणा कित्येकदा उन्हात ठेवल्यावर फिका होतो, पण त्यासाठी लॅटेक्सचा रोल उन्हात टाकू नका. एक तुकडा कापून तेवढाच ठेवा: रंग उतरला तर पिशवी बदला, नाही उतरला तर मिलला फोन करा.