नैसर्गिक दगडावर वस्तऱ्याला धार लावताना

वस्तऱ्याचा कोन हाताने सांभाळावा लागत नाही. पात्याची जाड पाठ आणि धार ही दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकलेली राहिली की साधारण १६ ते १८ अंशांचा कोन आपोआप साधतो. म्हणूनच सुरीला धार लावताना उचलतो तशी पाठ येथे कधीही उचलू नये, आणि दगड अगदी सपाट असावा. दगडावर पेन्सिलीने चौकटी आखाव्यात, काचेवर पसरलेल्या ओल्या पॉलिशपेपरावर तो घासावा आणि सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत थांबू नये.

कृत्रिम दगडावर खरखरीतपणाचा आकडा छापलेला असतो, नैसर्गिक दगडावर तो नसतो. बेल्जियमच्या आर्देन भागातील कोतिकुल हा फिकट पिवळसर दगड गार्नेटच्या बारीक कणांमुळे पोलाद कापतो. त्याच जातीच्या छोट्या तुकड्याने थोडे पाणी घालून तो उगाळला की दुधासारखा उगाळ तयार होतो. उगाळ दाट असेल तर पोलाद भराभर झिजते. मात्र त्यातले सुटे कण समोरून येणाऱ्या धारेवर आदळत असल्याने धार एका मर्यादेपलीकडे तीक्ष्ण होत नाही. दाट उगाळावर अधिक वेळ घासले तर अधिक धार येईल, या समजुतीत मी अनेक संध्याकाळी वाया घालवल्या आहेत.

वस्तरा फारच बोथट असेल, तर आधी १००० क्रमांकाचा कृत्रिम दगड वापरावा, असे माझे मत आहे. त्यानंतर दाट उगाळावर, धार पुढे ठेवून, हलक्या हाताने पाते फिरवावे. दगड पात्याच्या लांबीपेक्षा अरुंद असल्यामुळे मुठीकडच्या टाचेपासून सुरुवात करून टोकापर्यंत तिरका फेरा घ्यावा, आणि पाते उलटताना ते पाठीवरच उलटावे. हाताच्या कातडीलगतचे केस टाचेपासून टोकापर्यंत सर्वत्र सारखे कापले जाईपर्यंत पुढच्या पायरीकडे वळू नये.

आता दर वीसेक फेऱ्यांनी बोटाने पाण्याचे दोन थेंब घालून उगाळ पातळ करत जावा आणि त्याबरोबर हाताचा दाबही कमी करावा. धारेपुढे सरकणाऱ्या पाण्याकडे नीट पाहावे: धार दगडाला पूर्ण लांबीभर टेकलेली असेल, तर पाणी धारेवरून पात्याच्या अंगावर चढते, एखाद्या ठिकाणी ते धारेखालून निसटत असेल, तर तेथे धार दगडाला टेकत नाही असे समजावे. शेवटी दगड धुऊन काढावा आणि निव्वळ पाण्यावर, पात्याच्या स्वतःच्या वजनाइतक्याच दाबाने, पन्नासेक फेरे द्यावेत.

चामड्याच्या पट्ट्यावर दिशा उलटी होते: तेथे पाठ पुढे आणि धार मागे असते, शिवाय पट्टा ताणून धरावा लागतो. साठेक फेऱ्यांनंतर गालावर वस्तरा चालवून पाहावा. तो ओढल्यासारखा वाटला, तर आणखी बारीक दगडाच्या शोधात न लागता पुन्हा दाट उगाळाकडे जावे, कारण दोष बहुतेक वेळा पहिल्याच पायरीत राहिलेला असतो.