देशोदेशीच्या संशोधकांची तुलना करताना या चुका टाळा

सोलापुरात पदवीच्या मुलांचे प्रकल्प तपासताना एक तक्ता हमखास समोर येतो. भारत, चीन, दक्षिण कोरिया, इस्रायल आणि प्रत्येकापुढे संशोधकांचा आकडा. खाली निष्कर्ष: आपण फार मागे आहोत. निष्कर्ष खोटा असतो असं नाही, पण आकडे एका मापाने मोजलेले नसतात. मग किती मागे आहोत आणि कशात, हे त्या तक्त्यातून कळतच नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे डोकी आणि काम यांची सरमिसळ. आपल्याकडच्या पॉवरलूम कारखान्याचा हजेरीपट घ्या. नावं बारा, पण त्यातले चौघं अर्धीच पाळी करतात. म्हणजे पूर्ण पाळीच्या हिशेबाने माणसं दहा. संशोधनातही असंच मोजतात. जो प्राध्यापक निम्मा वेळ शिकवतो आणि निम्मा संशोधन करतो, तो डोकी मोजताना एक, पूर्णवेळ समतुल्य मोजताना अर्धा. विद्यापीठांत बहुतेकांचा वेळ असाच वाटलेला असतो, म्हणून तिथे दोन आकड्यांतला फरक मोठा पडतो. एका देशाची डोकी आणि दुसऱ्याचं पूर्णवेळ समतुल्य शेजारी ठेवलं की तुलना तिथेच संपली. इटलीतल्या फ्रास्काती इथे १९६३ साली तज्ज्ञांची बैठक झाली आणि तिच्यातून ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या आर्थिक संघटनेची फ्रास्काती नियमावली आली, ती असे घोळ टाळण्यासाठीच. तिची सातवी आवृत्ती २०१५ ची आहे.

दुसरी चूक माझ्याही हातून झाली आहे. एका व्याख्यानात मी भारताचे साडेपाच लाख चीनच्या संशोधकांशेजारी ठेवले होते. एप्रिल २०१८ चा तो आकडा संशोधन संस्थांतल्या सगळ्या कर्मचाऱ्यांचा होता, त्यात सहाय्यक आणि कार्यालयीन मंडळीही आली. प्रत्यक्ष संशोधन करणारे सुमारे ३.४ लाख. ही गफलत पकडायला गुणाकार पुरतो: २०१७ साली भारतात दर दहा लाख लोकसंख्येमागे २५५ संशोधक होते आणि लोकसंख्या साधारण १३४ कोटी. म्हणजे १३४० गुणिले २५५, सुमारे ३.४ लाख. साडेपाच लाखांशी हे जुळत नाही, तेव्हाच मी थांबायला हवं होतं.

संशोधन कशाला म्हणायचं, इथेही पाय घसरतो. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात तेल्या रोगावर होणारं काम संशोधनात मोजलं जातं. शेतकऱ्याने आणलेली माती-पाण्याची नेहमीची तपासणी मोजली जात नाही. टॉवेलचा रंग पक्का आहे का, हे रोज पाहणारा कामगार कुशल असतो, पण या मोजणीत येत नाही. रंगाची नवी प्रक्रिया शोधण्यासाठी पद्धतशीर प्रयोग करणारा येतो. निष्कर्ष काय निघेल याची आधी खात्री नसणं ही त्यातली महत्त्वाची कसोटी आहे.

आलेखात अचानक खड्डा दिसला तर आधी तळटीप वाचा. चीनचे संशोधक २००८ मध्ये सुमारे १५.९ लाख होते, २००९ मध्ये ११.५ लाख. तिथली माणसं प्रयोगशाळा सोडून गेली नव्हती. चीनने मोजणी ओईसीडीच्या व्याख्येप्रमाणे सुरू केली होती. २००९ आधीची आणि नंतरची रेघ जोडून वाढीचा दर काढू नका. इस्रायलच्या आकड्यांखालीही टीप असते, की संरक्षण संशोधन बहुतांशी वगळलं आहे.

भाजकाकडेही पाहा. युनेस्को दर दहा लाख लोकसंख्येमागे आकडा देते, ओईसीडी बहुधा दर हजार रोजगारांमागे. दोन्ही एका रकान्यात आले की कोरिया भारताच्या खाली जाऊन बसतो. शिवाय दर आणि एकूण संख्या वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. इस्रायलचा दर दहा लाखांमागे आठ हजारांच्या पुढे गेला, तरी लोकसंख्या साधारण एक कोटीच असल्याने एकूण संशोधक भारतापेक्षा कितीतरी कमी.

म्हणून प्रत्येक आकड्यापुढे चार गोष्टी लिहा: वर्ष, डोकी की पूर्णवेळ समतुल्य, संशोधक की सगळे कर्मचारी, आणि भाजक. एखादी सापडली नाही तर तो रकाना कोरा सोडा. तपासताना कोऱ्या रकान्याचे गुण मी कापत नाही.